कयाकवरून गळ टाकताना: रॉड आणि सामान खाडीच्या पोटात जाऊ नये म्हणून

ठाण्याच्या खाडीत पडलेली वस्तू शोधता येत नाही. कयाक नव्याने घेणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो. मालवणच्या निवळ पाण्यात पडलेला रॉड निदान दिसतो तरी. आपल्याकडे पाणी दुधाच्या चहासारखं, हात मनगटापर्यंत बुडवला की बोटं दिसत नाहीत, आणि तळाला लोण्यासारखा गाळ. त्यात पाय रोवून उभं राहणं हाच जिवावरचा खेळ, मग खाली हात घालून चाचपडणं दूरच.

कार्बनचा रॉड हातात इतका हलका लागतो की तो तरंगेल असं वाटतं. तरंगत नाही. रिळाचं पाव किलो वजन त्याला मुठीकडून खाली ओढतं. आधी मूठ बुडते, टोक दोन-तीन सेकंद पाण्यावर उभं राहतं आणि मग तेही जातं. गायमुखच्या पुढे मी हे पाहिलंय. माझा पहिला चांगला रॉड मांडीवर आडवा ठेवून मी दुसऱ्या रॉडची गुंतलेली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडवत होतो. बाजूने एक मोठी होडी गेली, तिची लाट आली, कयाक कलली आणि मी दोन्ही हातांनी काठ धरला. मांडीवरचा रॉड घसरला. हात लांब केला तेव्हा तंगूस जिच्यातून जाते ती टोकाची कडी बोटांना लागली, पण पकडता आली नाही.

वारा नव्हता, पाऊस नव्हता, कयाक उलटलीही नव्हती. नंतर बरोबरच्या मंडळींना विचारत गेलो तेव्हा कळलं की जवळजवळ प्रत्येकाचं सामान अशाच साध्या क्षणी गेलंय: कयाक पाण्यात ढकलताना, मासा गळातून सोडवताना, तिवरांच्या फांदीखालून जाताना, धक्क्याला लागताना. म्हणून हा लेख त्या क्षणांच्या हिशेबाने लिहिला आहे. वस्तूंची यादी कोणीही देईल.

आधी पाणी आणि जागा

बांधाबांधी घरी सुरू होते, पण त्याआधी कोणत्या दिवशी निघायचं ते ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती चार मीटरच्या वर जाते आणि ते सगळं पाणी ओहोटीला याच खाडीतून परत निघतं. पुलाच्या खांबांजवळ त्याची ओढ जबर असते. नवख्याने अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत सुरुवात करावी. कोकणातला जुना हिशेब अजून उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. खाडीच्या आतल्या टोकाला भरती थोडी उशिरा पोचते, तेवढं धरून चाला आणि भरतीच्या तक्त्यावरून एकदा ताडून घ्या. भरतीला दीड-दोन तास असताना उतरायचं आणि ओहोटी जोर धरण्याआधी परत यायचं. ओहोटीत धक्का आणि पाणी यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडला की त्यात उतरू नका. कंबरेपर्यंत रुतायला दोन पावलं पुरतात.

जागेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पश्चिम काठाचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे कयाक घालायची नाही. घोडबंदरच्या बाजूची वसईची खाडी किंवा बेलापूरकडची पनवेलची खाडी, कुठेही उतरायचं असलं तरी आधी त्या धक्क्यावरच्या कोळी मंडळींशी बोला. धक्का त्यांचा, पाण्यात ठोकलेले खुंटे आणि जाळी त्यांची. कुठे खडक आहे, कुठे डोल (खुंट्यांना बांधलेलं मोठं जाळं) लावली आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आणि पावसाळ्यात जाऊ नका. कोळीवाडे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, तर आपणही थांबावं.

सामान कमी करा

पहिल्या पाच-सहा फेऱ्यांना एकच रॉड न्या, फार तर दोन. खाडीत जिताडा, तांब, शिंगाळा हेच भेटणार; त्यासाठी सात फुटांचा मध्यम ताकदीचा एक रॉड आणि २५०० किंवा ३००० मापाचं रीळ पुरतं. चार रॉड उभे करून निघणारा माणूस दिसतो रुबाबदार, पण त्या चारांच्या कड्या एकमेकांत अडकतात आणि त्या सोडवताना पाचवी वस्तू पाण्यात पडते. ल्युअरची, म्हणजे नकली आमिषांची, एकच छोटी डबी, एक पक्कड, एक सुरी, पाणी, फोन. बाकीचं घरी.

कयाकवर कुठे बांधायचं

दोरी कितीही चांगली असली तरी ती ज्या कडीला बांधली आहे ती निघाली की सगळं गेलं. कयाकवर तीन प्रकारच्या जागा सापडतात. एक, साच्यातच घडवलेल्या भक्कम खाचा आणि आरपार छिद्रं. दुसरी, स्क्रूने किंवा रिव्हेटने बसवलेल्या प्लास्टिकच्या कड्या. तिसरी, उचलायच्या मुठी. साच्यातली जागा मिळाली तर तीच घ्या. स्क्रूची कडी असेल तर हाताने जोरात ओढून बघा. स्क्रूभोवतीचं प्लास्टिक किंचित जरी उचललं गेलं तरी तिथे रॉड बांधू नका, पाण्याची बाटली बांधा.

हुकासाठी काय घ्यायचं यावर माझं मत पक्कं आहे. किल्ल्यांच्या साखळीला येतात तसले रंगीत छोटे कॅराबिनर घेऊ नका. मी एका दुकानातून असे सहा आणले होते. महिनाभरात खाऱ्या पाण्याने त्यांची स्प्रिंग धरली. दोन उघडेचनात, आणि एक बंद होईना, ते मला सामान घसरल्यावर कळलं. स्टेनलेस स्टीलचे, त्यातही ३१६ प्रतीचे, थोडे महाग पडतात पण टिकतात. पितळेचे स्नॅप हुकही चालतात. खिशाला झेपत नसेल तर हुक न वापरता सरळ गाठ मारा. बोलाइन गाठ शिकून घ्या. ताणाखाली ती सुटत नाही आणि काम झालं की बोटांनी सोडवता येते.

रॉडची दोरी

बाजारात रॉडसाठी गुंडाळी दोरी मिळते, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी. ती आकसलेली असते तेव्हा फूटभर, ताणली की मीटरभर. मला हीच सगळ्यात बरी वाटते, कारण ती स्वतःहून गोळा होऊन बसते. घरी करायची असेल तर चार मिलिमीटरची नायलॉन दोरी किंवा पॅराकॉर्ड घ्या. दोन्ही टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा, म्हणजे धागे सुटत नाहीत.

लांबी मोजायची पद्धत अशी. कयाक घराबाहेर, जमिनीवर ठेवा. लाइफ जॅकेट घालून तिच्यात बसा. रॉड हातात घेऊन फेकायची पूर्ण हालचाल करा. मूठ कडीपासून जास्तीत जास्त जितकी दूर जाते तितकी लांबी, त्यात आणखी चार बोटं. बहुतेकांना ती नव्वद सेंटिमीटर ते सव्वा मीटर भरते. त्याहून एक वीतही जास्त नको.

लांबीवर मी एवढा का अडून बसतो, तर बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या धक्क्यावर एका काकांनी माझी दोरी बघितली होती. ते त्यांच्या होडीत बसून चिंबोरीचे फग, म्हणजे खेकडे धरायचे सापळे, दुरुस्त करत होते. माझी सैल दोन मीटरची दोरी पायाशी लोळत होती. काका म्हणाले, "येवरी लांब दोरी कनाला रं? पायान अरकल ना!" मग त्यांनी त्यांचा कोयता दाखवला. होडीच्या आतल्या बाजूला जाड सुतळीने बांधलेला, सुतळी बरोब्बर हातभर. कोयता होडीच्या काठावरून खाली लोंबेल, पण पाण्याला टेकणार नाही. "पानी लागला तं गंजल," एवढंच त्यांनी कारण दिलं. मी त्याच दिवशी दोरी कापली.

कयाक उलटली तर तुम्ही दोन-तीन सेकंद पाण्याखाली असता, आणि तिथे सैल दोरीचा वेढा गळ्याला किंवा पायाला बसणं हा रॉड हरवण्याहून किती तरी मोठा धोका आहे. म्हणून रॉड, वल्हं, क्रेट, सगळं कयाकला बांधायचं; स्वतःच्या अंगाला, मनगटाला, कंबरेला काहीही बांधायचं नाही. आणि दोरी कापायची सुरी लाइफ जॅकेटवर समोर, दोन्ही हातांना पोचेल अशी. सुरी बोथट टोकाची घ्या.

दोरी रॉडला कुठे बांधायची? रिळाचा पाय जिथे रॉडवर बसतो, त्याच्या लगेच मागे. टोकाकडे बांधली तर ती तंगूसमध्ये गुंतते आणि ताण आला की रॉड तिथेच मोडतो. रिळाच्या दांड्यात अडकवली तर रीळ फिरवताना अडथळा.

फोमचा तुकडा

दोरीला जोड म्हणून, किंवा ज्यांना फेकताना दोरी नकोशी वाटते त्यांच्यासाठी, पोहणं शिकणाऱ्या मुलांचं लांब फोमचं नूडल. साधारण साडेसहा सेंटिमीटर जाडीच्या नूडलचा फूटभर तुकडा लिटरभराच्या आसपास पाणी बाजूला सारतो, म्हणजे पाऊण किलोचं वजन सहज पेलतो. रॉड आणि रीळ मिळून बहुतेक अर्धा किलोच्या आतच असतात. तुकड्याला लांबीच्या बाजूने चीर द्या, रिळाच्या पुढे, पहिल्या कडीच्या मागे बसवा आणि दोन्ही टोकांना इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. मग उथळ, स्वच्छ पाण्यात दोरी बांधून एकदा टाकून बघा. रॉड तिरका तरंगला तरी चालेल, फक्त टेप पाण्याने सुटत नाही ना ते बघा.

पण ओहोटीत तरंगणारा रॉड वाहून जातो. त्याच्यामागे वल्हवत पुलाच्या खांबाकडे जाण्याची वेळ येऊ शकते, आणि रॉडसाठी ती जोखीम घेण्यात अर्थ नाही. म्हणून माझी पद्धत अशी: होल्डरमध्ये ठेवलेल्या रॉडला दोरी हवीच, आणि हातातल्या रॉडला निदान फोम हवा. नवख्याने दोन्ही ठेवावं.

रॉड होल्डर

तयार होल्डर मिळतात. प्लंबिंगच्या दुकानातल्या चाळीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचेही होतात आणि चांगले होतात. फूटभर पाइप घ्या, वरच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटर खोल खाच कापा, रिळाचा पाय त्या खाचेत बसला की रॉड गोल फिरत नाही. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून गोल करा, नाहीतर ती कड दोरीलाच कापते. हा पाइप दुधाच्या किंवा भाजीच्या प्लास्टिक क्रेटच्या कोपऱ्याला केबल टायने बांधा, वर एक आणि खाली एक. क्रेट सीटच्या मागे ठेवा आणि बाइकवर सामान बांधायची बंजी दोरी दोन्ही बाजूंनी आडवी ओढून आवळा. शिवाय क्रेटला वेगळी, न ताणणारी एक दोरी कयाकच्या कडीला मारा. बंजी ताणते, आणि कयाक उलटली की क्रेट तिच्यातून निसटतो. हे चाचणीतच समजलेलं बरं.

होल्डरमध्ये रॉड ठेवून कयाक हळू वल्हवत आमिष मागे ओढत न्यायचं असेल तर ड्रॅग, म्हणजे तंगूस किती जोर लागल्यावर सुटावी ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, सैल ठेवा. जिताडा घास घेतो तो झटका देऊनच, आणि थेट तिवरांच्या मुळांकडे पळतो. ड्रॅग आवळलेला असेल तर रॉड होल्डरसकट उपटला जातो. हाताने ओढल्यावर तंगूस थोड्या जोराने का होईना सरकली पाहिजे, इतपत सैल. रॉड हातात आला की मग आवळा.

वल्हं, फोन आणि बारीकसारीक

वल्हं तरंगतं. पण ते गेलं तर तुम्हीच वाहत जाता, म्हणून रॉडच्याही आधी वल्ह्याला दोरी. सव्वा ते दीड मीटर, कयाकच्या कडीला बांधलेली.

फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या खिशात. पिशवीची गळ्यात घालायची पट्टी काढून टाका आणि फूटभर दोरीने ती जॅकेटच्या कडीला अडकवा. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर सेव्ह करा. गाडीची किल्ली कोरड्या पिशवीत, पिशवी क्रेटला. पक्कड हातभर दोरीने सीटच्या बाजूला, काकांच्या कोयत्यासारखी. ल्युअरची डबी उघडी ठेवून काम करू नका. एक ल्युअर काढा, डबी बंद करा, क्रेटमध्ये टाका, मग बांधा.

पाण्यावरचे ते क्षण

उतरताना. धक्क्यावर कयाक ढकलताना रॉड होल्डरमध्ये उभे ठेवू नका. ते कयाकवर आडवे, टोक पुढे, बंजीखाली. गळ रॉडच्याच कडीत अडकवलेला आणि त्यावर कापडाची पट्टी. तुम्ही नीट बसलात, वल्हं हातात आलं, धक्क्यापासून दहा-पंधरा मीटर पुढे गेलात, मग रॉड उभे करा.

तिवरांजवळ आणि पुलाखाली. पाठीमागे उभ्या रॉडची टोकं तुम्हाला दिसत नाहीत. फांदी टोकाला अडकते, कयाक पाण्याच्या ओढीने पुढे जात राहते आणि रॉड मागे खेचला जाऊन होल्डरमधून वर येतो. फांदीच्या खाली शिरण्याआधी रॉड आडवे करा. गळ मुळात अडकला तर तो ओढत बसून तोल घालवू नका. तंगूस हाताच्या बोटांना गुंडाळू नका, ती कापते. जवळ जा, जितकी मोकळी होते तितकी परत घ्या आणि मग तोडा. तिवरांवर लोंबणाऱ्या तंगूसमध्ये बगळ्याचा पाय अडकलेला मी पाहिला आहे. तो सोडवायला आम्हाला अर्धा तास लागला. म्हणून गुंतलेली तंगूस पाण्यात टाकू नका, खिशात घाला.

मासा आल्यावर. सगळ्यात जास्त सामान याच वेळी जातं, कारण लक्ष पूर्णपणे माशावर असतं. समजा शिंगाळा आला. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना एकेक ताठ काटा, अंगावर बुळबुळीत थर, आणि तो मांडीवर उसळतोय. एका हाताने तो धरायचा, दुसऱ्या हाताने पक्कड, आणि रॉड? रॉड मांड्यांमध्ये दाबलेला. मासा उसळला की तुम्ही आपसूक मांड्या फाकवता, कारण काटा लागेल ही भीती. रॉड गेला. म्हणून मासा कयाकशेजारी पाण्यातच असताना, तंगूस दीड-दोन हात मोकळी ठेवून, रॉड आधी होल्डरमध्ये. मग पक्कड हातात. मग मासा. हा क्रम पहिल्या काही माशांना तोंडाने म्हणत करा, नंतर हात आपोआप करतात.

लाट आल्यावर. बोटीची लाट दिसली की हातातलं काम थांबवा, कयाकचं तोंड लाटेकडे करा, वल्हं पाण्यात. मांडीवर काहीही असता कामा नये.

परत येताना. दमलेले असता, ऊन चढलेलं असतं, आणि धक्का दिसतो म्हणून घाई होते. धक्क्याच्या पन्नास मीटर आधी थांबून सगळं आडवं करा, गळ झाका, मग लागा.

उलटून बघा

ही पायरी कोणीही गाळू नये, आणि सगळे हीच गाळतात. छातीभर, स्वच्छ तळाच्या, शांत पाण्यात, पोहता येणारा मित्र बरोबर घेऊन, लाइफ जॅकेट घालून कयाक मुद्दाम उलटी करा. खाडीत नको, तिथल्या गाळात उभं राहता येत नाही. चांगला रॉड लावू नका, त्याच्या जागी त्याच वजनाची काठी बांधा. क्रेटमध्ये पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा.

उलटल्यावर चार गोष्टी बघा. दोरीचा वेढा अंगाला कुठे लागला का? काय सुटून गेलं? काय लोंबत राहून कयाक परत सरळ करायला आड येतंय? आणि सरळ केल्यावर चढताना हात कशावर पडतोय, रॉडवर तर नाही ना? मी पहिल्यांदा केलं तेव्हा क्रेट निसटून कयाकखाली लोंबत होता आणि त्याच्या वजनाने कयाक वळेचना. दोरी निम्मी केल्यावर वळली.

खऱ्या पाण्यात उलटलात तर कयाक आणि वल्हं, एवढंच धरायचं. बाकीचं जाऊ द्या. रॉड नवा मिळतो.

घरी आल्यावर

दोऱ्या, हुक, होल्डर, सगळं गोड्या पाण्याने धुवा. हुकाची स्प्रिंग दहा वेळा उघडबंद करा, मीठ निघतं. नायलॉनची दोरी उन्हाने पांढरट आणि खरखरीत झाली की बदला, गाठीजवळ नखाने खरवडून बघा. गुंडाळी दोरीच्या टोकाला, जिथे प्लास्टिक धातूला मिळतं, तिथे चीर पडते. तीच जागा आधी तुटते.

सामानाची मोजणी निघताना आणि परतल्यावर. माझ्या क्रेटच्या आत वॉटरप्रूफ स्टिकरवर लिहिलंय: रॉड २, वल्हं १, पक्कड १, सुरी १, डबी १, पिशव्या २. मोजायला अर्धं मिनिट लागतं. काही कमी भरलं तर तेव्हाच, शेवटचं कुठे वापरलं ते आठवून धक्क्यावर सांगा. जाळी ओढायला जाणाऱ्यांच्या नजरेतून वस्तू सुटत नाही, विशेषतः तरंगणारी.

त्यासाठी प्रत्येक वस्तूवर फोन नंबर लिहा, पक्क्या शाईच्या मार्करने, वर पारदर्शक टेप. वल्ह्याच्या दोन्ही पात्यांना चमकणारी पट्टी चिकटवा. एकदा धक्क्याला लागल्यावर मी वल्ह्याची दोरी सोडली आणि वल्हं काठावर टेकवून क्रेट उचलायला वळलो, तेवढ्यात ते वाहून गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन आला: "वल्हा तुजा हाय का? आमच्या जाल्यान सापरला, येऊन ने." मी नारळ आणि पाव किलो पेढे घेऊन गेलो.